स्प्रूसच्या एका फांदीवरची आठ वर्षं: सदाहरित जंगलांविषयी

रानवारा

परवाच्या वादळानंतर जंगलातल्या वाटेवर स्प्रूसची, म्हणजे सुयांसारख्या पानांच्या एका सूचिपर्णी झाडाची, एक फांदी मोडून पडली होती. हातभर लांब. ती उचलली, जवळच्या ओंडक्यावर बसलो आणि शेंड्याकडून मागे मोजत गेलो. स्प्रूसच्या फांदीवर दर वर्षीच्या वाढीची खूण राहते. जिथून त्या वर्षीची कळी फुटली तिथे कळीच्या वाळक्या खवल्यांचं बारीक कडं उरतं. दोन कड्यांमधला तुकडा म्हणजे एक वर्ष. पहिल्या तुकड्यावरच्या सुया पोपटी, दुसऱ्यावरच्या गर्द. चौथ्या-पाचव्यापाशी त्या विरळ होऊ लागल्या, लाकडावर दगडफुलाचे राखाडी ठिपके दिसले आणि नवव्या तुकड्यावर एकही सुई नव्हती. तिथे नुसते बारीक खुंट उरले होते, बोट फिरवलं की कानशीसारखे खरखरीत लागणारे. म्हणजे त्या फांदीवरची सर्वांत जुनी सुई आठ वर्षांची होती.

सदाहरित झाडांची पानं गळत नाहीत असं आपण शाळेत पाठ केलेलं असतं. पानं गळतातच. सगळी एकदम गळत नाहीत, एवढंच. स्प्रूसच्या जंगलात पाय ठेवला की खाली मऊ गादी लागते, ती सगळी गळलेल्या सुयांचीच. आणि एका पानाचं आयुष्य किती, याला काही धरबंध नाही. कॅलिफोर्नियाच्या व्हाइट माउंटन्समध्ये तीन हजार मीटरच्या वर ब्रिसलकोन पाइन वाढतात. त्यातल्या काही झाडांचं वय साडेचार हजार वर्षांच्या पुढे आहे, आणि त्यांच्या सुया तीस वर्षांहून जास्त काळ फांदीवर राहतात.

यातलं मला न सुटणारं कोडं नकाशावर दिसतं. विषुववृत्तावर जंगल सदाहरित. तिथून उत्तरेकडे सरकलं की पानझडी जंगलं लागतात, आधी कोरड्या ऋतूत पानं टाकणारी आणि मग थंडीत टाकणारी. आणखी वर गेलं की तैगा, म्हणजे उत्तरेकडचं सूचिपर्णी झाडांचं थंड जंगल, येतं, आणि जंगल पुन्हा सदाहरित! गरम-ओल्या टोकाला जे चालतं तेच थंड टोकाला का चालावं?

याचं मला पटलेलं उत्तर जपानी शास्त्रज्ञ किहाचिरो किकुझावा यांनी १९९१ मध्ये मांडलं. पान म्हणजे झाडाने घातलेलं भांडवल. ते बनवायला खर्च येतो, ते कमावतं, वय वाढलं की त्याची कमाई घटते, आणि वाईट ऋतूत काही न कमावता नुसतं पोसावं लागतं. बाराही महिने कमाईचे असतील तर पान टाकायचं कारणच नाही. सहा महिने चांगले आणि सहा वाईट असतील तर पातळ, स्वस्त पान काढावं, सहा महिने राबवावं आणि टाकून द्यावं. पण चांगले महिने जेमतेम तीन असतील तर एका हंगामात पानाचा खर्चसुद्धा वसूल होत नाही. मग ते जाड, टिकाऊ बनवायचं आणि वर्षानुवर्षं सांभाळायचं. विषुववृत्तावर पान टाकायची गरज नाही, तैगात पान टाकणं परवडत नाही. रंग दोन्हीकडे तोच.

पुढे २००४ मध्ये इयन राइट आणि सहकाऱ्यांनी १७५ ठिकाणच्या अडीच हजारांवर जातींच्या पानांची मोजमापं एकत्र केली, तेव्हा हाच हिशेब जगभर दिसला. एका टोकाला पातळ, झपाट्याने कमावणारी, अल्पायुषी पानं आणि दुसऱ्या टोकाला जड, संथ, दीर्घायुषी.

सदाहरित म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे सुबत्ता येते. मला मात्र हल्ली वाटतं, यातली बरीच जंगलं अडचणीतून उभी राहिली आहेत: थंडी, निकस माती, कोरडा उन्हाळा. तुम्ही पाहिलेली जंगलं या नजरेने कशी दिसतात ते लिहा.

शेवाळ

वाचून मजा आली. एक प्रश्न: स्प्रूस, फर आणि पाइन यांतलं काय कोणतं, हे मला कधीच ओळखता येत नाही. सोपी खूण आहे का?

रानवारा

@शेवाळ, एक सुई चिमटीत धरून फिरवा. स्प्रूसची सुई चौकोनी असते, ती बोटांत सहज फिरते. फरची चपटी, ती फिरत नाही. पाइनच्या सुया एकेकट्या नसतात, दोन, तीन किंवा पाचच्या जुडीत येतात. शंकू दिसले तर आणखी सोपं. स्प्रूसचे खाली लोंबतात आणि अख्खे गळतात, फरचे फांदीवर उभे असतात आणि झाडावरच सुटे होऊन विखुरतात.

उत्तरायण

रानवारा, तुमचा नकाशा आणखी थोडा पुढे न्यायला हवा, कारण खरी गंमत तिथेच आहे. सदाहरित तैगाच्या पलीकडे, पूर्व सायबेरियात, जंगल पुन्हा पानझडी होतं. तिथे राज्य लार्चचं. सूचिपर्णी असूनही लार्च शरद ऋतूत पिवळाधमक होतो आणि सगळ्या सुया टाकून हिवाळाभर काटकुळा उभा राहतो. व्हर्खोयान्स्क आणि ओयम्याकोन इथे पारा उणे ६७ अंशांपर्यंत उतरल्याच्या नोंदी आहेत. तो सगळा मुलूख लार्चचा. तैमिर द्वीपकल्पावर साडेबहात्तर अक्षांशापाशी जगातलं सर्वांत उत्तरेकडचं जंगल आहे, तेही लार्चचंच.

कारण पाणी. खालची जमीन कायम गोठलेली, उन्हाळ्यात वरचा थर तेवढा वितळतो. हिवाळ्याच्या अखेरीस ऊन कडक पडतं, सुई तापते, तिच्यातून पाणी उडतं आणि मुळांना मात्र घोटभरही मिळत नाही. सुया करपतात त्या थंडीने कमी आणि तहानेने जास्त. थोड्या कमी थंडीत स्प्रूस हे निभावून नेतो: सुयांवर मेणाचा थर, पर्णरंध्रं (पानावरची बारीक छिद्रं) खोल खळग्यांत. पण या टोकाला तेवढ्याने भागत नाही. सुई टाकली की पाणी गमावायला जागाच उरली नाही.

स्प्रूस-पाइन हिवाळा काढतात तो प्रकारही थक्क करणारा आहे. शरद ऋतूत दिवस लहान होऊ लागले की पेशी तयारीला लागतात. पेशीतलं पाणी बाहेरच्या पोकळीत जातं आणि बर्फ तिथे होतो, पेशीच्या पोटात होत नाही. पोटात झाला तर पेशी फाटेल. हरितद्रव्य जागेवरच असतं पण कामावर नसतं. त्याच्यावर पडणारं ऊन दुसरी रंगद्रव्यं उष्णतेच्या रूपात सोडून देतात, नाहीतर तेच ऊन पानाला जाळेल. भर हिवाळ्यात पाइनचा हिरवा थोडा पिवळट दिसतो तो यामुळे. म्हणजे जानेवारीतली ती हिरवी सुई काहीही कमवत नसते. वसंतात चार दिवस ऊब मिळाली की ती कामाला लागते आणि शेजारचा पानझडी बर्च तेव्हा कुठे कळ्या उघडत असतो. एवढ्या छोट्या हंगामात ती आघाडी फार मोलाची.

देवचाफा

लेख सुंदर. पण विषुववृत्तीय जंगलांना तुम्ही एका वाक्यात उरकलंत, ते मला खटकलं.

एक तर "पान टाकायची गरज नाही" हे सगळ्या झाडांना लागू होत नाही. अमेझॉनमध्ये उजेडाची फट पडली की सिक्रोपिया झपाट्याने वाढतं. त्याची मोठ्या छत्रीसारखी पानं थोडेच महिने टिकतात. झाड मात्र कायम हिरवं, कारण वरून नवीन पानं येतच असतात. त्याच जंगलात सावलीत वाढणाऱ्या एखाद्या संथ झाडाचं पान काही वर्षं जगतं. दोन्ही झाडं आपण "सदाहरित" याच खान्यात टाकतो.

दुसरं, अमेझॉनमध्ये भरपूर नवी पालवी येते ती कोरड्या महिन्यांत. मला हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा उलटं छापलंय की काय असं वाटलं होतं. पण पावसाळ्यात ढग असतात, उजेड कमी. कोरड्या दिवसांत ऊन भरपूर, आणि मुळं कित्येक मीटर खोल जाऊन साठलेलं पाणी ओढतात. जुनी पानं गळतात, ताजी येतात, आणि ताजं पान जास्त कमावतं. विषुववृत्तावर काही महिने खरी टंचाई उजेडाची असते.

आणि सुबत्तेचं म्हणाल तर तिथली मातीसुद्धा बहुतेक ठिकाणी निकसच. पावसाने धुऊन निघालेली. जी काय पोषणद्रव्यं आहेत ती झाडांच्या अंगात. पान पडलं की बुरश्या आणि बारीक मुळं त्यातलं सत्त्व मातीत जिरायच्या आत उचलतात. जे तरीही नदीतून वाहून जातं त्याची भरपाई करायला सहारातून धूळ येते. चाडमधल्या बोडेले या आटलेल्या सरोवराच्या तळातून उडालेली धूळ अटलांटिक ओलांडून अमेझॉनवर पडते. २०१५ मध्ये उपग्रहांच्या नोंदींवरून हिशेब झाला तेव्हा त्या धुळीतून वर्षाला साधारण २२ हजार टन फॉस्फरस येतो असं निघालं. जगातलं सर्वांत मोठं वर्षावन जगातल्या सर्वांत मोठ्या उष्ण वाळवंटाच्या धुळीवर पोसलं जातं, हे मला आजही विलक्षण वाटतं.

नागकेशराची कोवळी पालवी कुणी पाहिली असेल तर ती लालबुंद असते, आणि पानं लुळी लोंबत असतात. अशा जंगलांतल्या कितीतरी झाडांचं हे वैशिष्ट्य आहे. कोवळं पान मऊ असतं, किडीने खाल्लं तर नुकसान. मग झाड त्यात हरितद्रव्य उशिरा भरतं. पान कणखर झालं की मग माल भरायचा. हासुद्धा भांडवल जपण्याचाच प्रकार, नाही का?

रानवारा

देवचाफा ताई, अगदी मान्य. "गरज नाही" हे मी फार ढोबळ लिहिलं. झाड हिरवं असणं आणि पान दीर्घायुषी असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मुख्य लेखातच यायला हवं होतं.

कोरडा_ओढा

मी भूमध्यसागरी बाजूचं सांगतो, कारण तिथलं ऋतुचक्र उफराटं आहे: पाऊस हिवाळ्यात, उन्हाळा ठणठणीत कोरडा. म्हणजे ऊब असते तेव्हा पाणी नाही आणि पाणी असतं तेव्हा ऊब कमी. झाडाला कमाईसाठी मिळतात ते वसंत आणि शरद, असे दोन तुकडे. मधे पान टाकलं तर दोनदा बनवावं लागेल. म्हणून पान ठेवायचं, पण चामड्यासारखं. होम ओक या तिथल्या सदाहरित झाडाचं पान वरून चकचकीत, आणि उलटून पाहिलं तर खाली पांढुरकी लव. पर्णरंध्रं त्या लवेखाली झाकलेली.

पोर्तुगालच्या अलेंतेझु भागात मी कॉर्क ओकची साल काढताना पाहिली, बाटल्यांची बुचं होतात ती. कुऱ्हाड लांब दांड्याची, आणि दांड्याचं टोक पाचरीसारखं तासलेलं. माणूस सालीवर उभा वार घालतो, पातं थोडं पिळतो, मग तीच पाचर आत सारून साल खोडापासून सुटी करतो. घाव जरा खोल गेला तर आतला जिवंत थर जखमी होतो, म्हणून हे काम वर्षानुवर्षं केलेल्या हातांकडेच असतं. साल निघाल्यावर उघडं खोड आधी फिकट दिसतं आणि मग तांबूस होत जातं. त्यावर पांढऱ्या रंगात वर्षाचा शेवटचा आकडा लिहितात. सात लिहिला असेल तर २०१७, पुढची पाळी २०२६. नऊ वर्षांच्या आत पुन्हा साल काढायला तिथे बंदी आहे. पहिली साल झाड पंचविशीत आल्यावर, आणि बाटलीच्या बुचाजोगी साल मिळते ती तिसऱ्या खेपेपासून.

ही जाड साल मुळात आगीपासून वाचायला आहे. आग लागून गेली तरी कॉर्क ओक वरच्या फांद्यांतूनच पुन्हा फुटतो.

माळरान

रानवारा, सह्याद्रीवर हा हिशेब एकाच डोंगररांगेत पाहता येतो. पाऊस उत्तरेतही प्रचंड, महाबळेश्वरला पाच हजार मिलिमीटरच्या वर. पण दक्षिण टोकाकडे कोरडे महिने तीन-चार आणि उत्तरेकडे सात-आठ. पाऊस किती पडतो यापेक्षा तो किती महिने नसतो यावर सदाहरित जंगल ठरतं. म्हणून दक्षिणेत ते उतारावर खालपर्यंत उतरतं आणि उत्तरेत माथ्यावर, घळींमध्ये, धुक्याच्या आश्रयाने राहतं. झाडंही ठेंगणी: अंजनी, जांभूळ, पिसा.

कोडं पुढे आहे. अंजनी पूर्व किनाऱ्यावर, पुदुच्चेरीच्या आसपासच्या कोरड्या सदाहरित जंगलातही भेटते, खिरणीच्या जोडीला. तिथे पाऊस महाबळेश्वरच्या पावपट आणि कोरडा काळ सहा महिन्यांचा. तरी जंगल सदाहरित! पानं बघितली तर छोटी, जाड, चिवट. तुमच्या "अडचणीतून उभ्या राहिलेल्या" यादीत हे जंगल घालाच.

निळाई

धुक्याचा विषय निघालाच आहे तर अटलांटिकमधल्या कॅनरी बेटांबद्दल आणि मदेइराबद्दल लिहिते. तिथलं लॉरेलचं जंगल म्हणजे दालचिनीच्या कुळातल्या झाडांचं जंगल. एके काळी अशी जंगलं भूमध्य समुद्राच्या भोवताली होती. हवा कोरडी आणि थंड होत गेली तशी ती तिथून पुसली गेली आणि या बेटांवर टिकली. टिकली ती व्यापारी वाऱ्यांनी आणलेल्या ढगांमुळे. साधारण सहाशे ते पंधराशे मीटरच्या पट्ट्यात ढग डोंगराला टेकतो, चकचकीत पानांवर अडतो आणि थेंब होऊन खाली पडतो. बाहेर लख्ख कोरडं आणि झाडाखाली टपटप चालू. ला गोमेरा या कॅनरी बेटावरचं गाराहोनाय जंगल १९८६ मध्ये जागतिक वारसा यादीत गेलं, मदेइराचं जंगल १९९९ मध्ये.

शेजारच्या एल येर्रो बेटावर तिल या लॉरेलच्या कुळातल्या जातीचा एक वृक्ष होता, गारोए नावाचा. त्याच्या पानांवरून गळणारं पाणी खाली खणलेल्या टाक्यांत साठायचं आणि बेटावरची माणसं त्यावर जगायची. १६१० च्या वादळात तो उन्मळून पडला. बेटावरचे लोक आजही त्याची आठवण जपतात.

पण २०१२ मध्ये गाराहोनायला आग लागली आणि बराच भाग जळाला. ओलाव्यावर जगणाऱ्या या जंगलाला आगीची सवयच नाही. बातमी वाचून दोन दिवस कशात लक्ष लागलं नव्हतं.

शेवाळ

निळाई ताई, फार सुरेख लिहिलंत. कॅलिफोर्नियातल्या उंच रेडवुड झाडांचंही असंच ना?

निळाई

हो. कॅलिफोर्नियाच्या किनारी उन्हाळ्यात पाऊस जवळजवळ नाही, पण समुद्रावरून धुकं येतं. १९९८ च्या एका अभ्यासात तिथल्या रेडवुड जंगलाला वर्षभरात मिळणाऱ्या पाण्याचा साधारण तिसरा हिस्सा धुक्याचा निघाला. जगातलं सर्वांत उंच झाड, ११६ मीटरच्या जवळ जाणारं, तिथेच २००६ मध्ये सापडलं. एवढ्या उंच शेंड्यापर्यंत मुळांकडून पाणी चढवणं कठीण, म्हणून धुक्याचं पाणी पानं थेटही शोषतात.

आणखी उत्तरेला, ओरेगन-वॉशिंग्टनच्या किनारी, हिवाळा ओला पण सौम्य असतो. तिथले डग्लस फर आणि हेमलॉक वर्षाच्या कमाईतला मोठा वाटा भर उन्हाळ्याबाहेरच्या महिन्यांत मिळवतात. पानझडी झाड तेव्हा उघडं उभं असतं. एवढ्या पावसाच्या मुलखात सूचिपर्णी झाडांचं राज्य का, याचं हे उत्तर.

वेणू

सगळे प्रतिसाद वाचले. मग हवामान सुधारायला जगभर सदाहरित झाडंच लावावीत, असं नाही का?

उत्तरायण

@वेणू, मनापासून विचारलंय म्हणून नीट सांगतो. उष्ण प्रदेशातलं जंगल कार्बन साठवतं आणि बाष्प सोडून हवा गारही करतं. बर्फाळ प्रदेशात हिशेब बदलतो. उघडा बर्फ ऊन परतवतो, आणि त्यावर गडद स्प्रूस उभा राहिला की तेच ऊन शोषलं जातं. माळावर मुद्दाम केलेल्या अशा लागवडीचा थंडावा काही ठिकाणी यातच संपून जातो. असलेली तैगा तोडावी असा याचा अर्थ अजिबात नाही. तिच्या मातीत अफाट कार्बन आहे.

कोरडा_ओढा

@वेणू, आणि निलगिरीही सदाहरितच. ऑस्ट्रेलियात ती तिथल्या आगींशी जुळवून घेत वाढली. टास्मानिया-व्हिक्टोरियातली माउंटन अ‍ॅश ही निलगिरीची जात शंभर मीटरपर्यंत जाते, मोठ्या आगीत मरते आणि राखेत बी टाकून नव्याने उगवते. निलगिरीचीच दुसरी एक जात पोर्तुगालमध्ये कागदाच्या लगद्यासाठी दाटीने लावली गेली. २०१७ मध्ये पेद्रोगाँव ग्रान्देची आग निलगिरी आणि पाइनच्या लागवडींतून भडकत गेली, साठाहून जास्त माणसं गेली. लांबून पाहिलं तर कॉर्क ओकचा डोंगरही हिरवा आणि हाही हिरवाच.

देवचाफा

न्यूझीलंडचं राहिलं. तिथली बहुतेक सगळी देशी झाडं सदाहरित. वाइपोआ जंगलात ताने माहुता हा कौरी वृक्ष आहे, पन्नास मीटरच्या आसपास उंच, बुंध्याचा घेर तेरा मीटरच्या वर. आत जाण्याआधी बूट घासायचे, मग जंतुनाशकावर पाय ठेवायचे. मातीतून पसरणारा एक रोग कौरीची मुळं कुजवतो आणि एकदा लागला की झाड बरं होत नाही. माझ्या बुटाच्या खाचेत चिमूटभर माती राहिली होती, ती तिथल्या ब्रशने निघेना. शेवटी काडीने उकरून काढली. समोर शेकडो वर्षांचं झाड आणि हातात ती चिमूटभर माती, छातीत धडधडत होतं.

शेवाळ

आज पाइनची फांदी मोजली. सुया जुडीत दोन-दोन, म्हणजे पाइनच. पण मागे जेमतेम तीनच वर्षं निघाली, चौथ्या तुकड्यावर काही नाही. झाड आजारी आहे का?

रानवारा

आजारी नसावं. पाइनला ऊन लागतं. जुन्या सुया नव्यांच्या सावलीत गेल्या की त्यांची कमाई संपते आणि झाड त्या टाकतं. स्प्रूस सावली सोसतो, म्हणून त्याच्या जास्त टिकतात. स्कॉट्स पाइनला मध्य युरोपात दोन ते चार वर्षांच्या सुया असणं नेहमीचंच. तोच पाइन युरोपच्या उत्तर टोकाला लॅपलंडमध्ये पाहिलात तर त्याहून जास्त वर्षं मोजता येतील, कारण तिथे हंगाम छोटा. मोजताना शेंड्याकडच्या तुकड्यांची लांबीही टिपून ठेवा. कोणतं वर्ष चांगलं गेलं आणि कोणतं कोरडं, ते त्यावरून कळेल.